परसातील सूरण

सूरण म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भाजीवाल्याच्या पाटीत मातीने माखून बसलेला, हत्तीच्या पावलासारखा एक बेढब गड्डा उभा राहतो. भाजीवाला त्याची फोड कापून तराजूत टाकतो, आपण ती पिशवीत घालून घरी आणतो, हाताला तेल चोळून चिरतो आणि चिंच किंवा आमसूल घालून शिजवून खातो. हा गड्डा जमिनीखाली कसा वाढला, त्याच्या डोक्यावर कोणते पान डोलत होते, त्याला फूल येते की नाही, हे प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाहीत. गुलाब, मोगरा, शेवंती यांच्याविषयी हौसेने बोलणारी माणसेही सुरणाला बागेत जागा देत नाहीत. फार तर विहिरीच्या कडेला, केळीच्या आडोशाला तो आपण होऊन उगवला तर उगवू देतात. आज या उपेक्षित झाडाविषयी दोन शब्द सांगावेत असे मनात आहे. ते सांगताना आमच्या घरच्या एका सुरणाची हकीकतही ओघाने येईल. श्रोत्यांनी ती गोड मानून घ्यावी.

सूरण हा अळूच्या कुळातला. अळवाची पाने, शेवळे, कुंड्यांतून दिसणारा अँथुरियम, भिंतीवर चढणारा मनीप्लांट ही सारी त्याची भावंडे. शास्त्रीय भाषेत त्याला ॲमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस असे जडजंबाळ नाव आहे. आपल्या कामाला घरगुती नावे पुरेत. आणि ती नावे पाहिली तर हा गड्डा किती प्रदेशांत किती आपलेपणाने नांदतो ते कळते. बेळगावकडे कानडी शेजारी त्याला सुवर्णगड्डे म्हणतात. हैदराबादेत तेलुगू बाजारात तो नुसताच ‘कंद’ असतो, जणू काही कंद म्हणजे हाच, बाकीचे सारे उपरे. केरळात तो चेना, बंगाल्यात ओल, आणि आमच्या माळव्यात व ग्वाल्हेरीकडे जिमीकंद. उत्तर हिंदुस्थानात दिवाळीला जिमीकंद करण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. आपल्याकडे त्याचे काप करतात, उपासाला त्याचा कीस चालतो, ऋषिपंचमीच्या भाजीत त्याची फोड पडते. वैद्यांनी त्याला अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, असे नाव देऊन ठेवले आहे.

आता झाडाकडे वळू. पावसाळ्यात सुरणाकडे पाहिले तर जमिनीतून एक गुबगुबीत हिरवा खांब वर आलेला दिसतो. त्यावर फिक्या पांढुरक्या चट्ट्यांची नक्षी असते आणि हात फिरवला तर खरखरीत लागतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात अजगराने मान उंचावली आहे असा भास होऊन मुले दचकतात. खांबाच्या माथ्यावर तीन फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीचे पुन्हा दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन, आणि त्यांच्या कडेने हिरवी पाती लागून वर एक छत्री उघडते. पाहणारा याला झाड म्हणतो, खांबाला खोड म्हणतो, छत्रीला फांद्या-पाने म्हणतो. परंतु वस्तुस्थिती वेगळी आहे. तो खांब म्हणजे केवळ देठ, आणि खांब व छत्री मिळून सारे काही एकच पान आहे! माणसाच्या छातीइतके, कधी डोक्याच्याही वर जाणारे एक पान. सुरणाचे खरे खोड म्हणजे जमिनीखालचा गड्डा. वर्षाकाठी तो साधारणपणे एकच पान वर पाठवतो, जोमदार असला तर मागाहून दुसरे. त्या पानाने चार-पाच महिने उन्हातून जे काही कमवावे, ते सारे खाली साठवायचे आणि थंडी पडू लागली की पिवळे होऊन लोळण घ्यायची.

याहूनही नवलाची गोष्ट जमिनीखाली घडत असते. आपण लावलेला गड्डा वाढून मोठा होतो अशी समजूत आहे. माझीही पुष्कळ वर्षे होती. खरे पाहता लावलेला गड्डा आपले सारे सत्त्व नव्या पानाला देऊन सुरकुततो, पोकळ होतो आणि संपून जातो. त्याच्या माथ्यावर, देठाच्या बुडाशी, नवा गड्डा आकार घेत असतो. पीक काढताना नव्या गड्ड्याच्या तळाला जुन्याची वाळकी साल चिकटलेली सापडते. म्हणजे दरवर्षी जुना जातो, नवा येतो, आणि तरीही बियाची नवी पिढी मध्ये आलेली नसल्यामुळे झाड तेच राहते. पन्नास वर्षे परसात नांदलेल्या सुरणाचा गड्डा यंदाचाच असतो आणि सूरण मात्र पन्नास वर्षांचा.

आमच्या घरी असा एक सूरण होता. आमचे घराणे मूळ रत्नागिरीकडचे, पण चार पिढ्यांपासून इंदुरात स्थायिक झालेले. आजी लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिच्या सामानात, लुगड्यांच्या घडीत गुंडाळून, माहेरच्या परसातले सुरणाचे दोन लहान गड्डे होते. आंबे आणि फणस इथल्या काळ्या मातीत लागत नाहीत असे तिला कोणी सांगितले होते. सुरणाविषयी कोणी काही सांगितले नव्हते, म्हणून तिने तो आणला. धुण्याच्या दगडापलीकडे, जुन्या भिंतीच्या सावलीत तिने तो लावला आणि हयातभर जपला. दर मार्गशीर्षात उकरायचा, मोठा भाग घरात शिजवायचा, कडेची पिले वाटायची आणि एक चांगला गड्डा पुढच्या वर्षासाठी माळ्यावर वाळूत ठेवायचा, हा तिचा परिपाठ. मुलींना सासरी जाताना तिने दागिन्यांबरोबर सूरण दिला. त्यातला एक माझ्या आत्याबरोबर बडोद्यास गेला. ही गोष्ट पुढे उपयोगी पडली, ती कशी हे सांगतोच.

लावण्याची रीत अवघड नाही, मात्र दोन-तीन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत. पहिली बेण्याची. सुरणाच्या गड्ड्याच्या मधोमध एक खळगा असतो आणि त्यात गुलाबी झाक असलेला अंकुर. तोच त्याचा डोळा. बटाट्यासारखे सर्वांगावर डोळे सुरणाला नसतात. त्यामुळे मोठा गड्डा कापून बेणे करायचे असेल तर केक कापावा तसा मध्यापासून कडेपर्यंत उभा कापावा, म्हणजे प्रत्येक फोडीला त्या डोळ्याभोवतीच्या कड्याचा थोडा तरी अंश मिळतो. कडेची नुसतीच फोड लावली तर ती मातीत पडून राहते आणि शेवटी कुजते. फोड अर्ध्या किलोपासून किलोपर्यंत असावी. कापलेल्या फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत दिवसभर सुकवाव्यात. अलीकडे कृषितज्ज्ञ शेणकाल्यात ट्रायकोडर्मा नावाची उपकारक बुरशी मिसळण्यास सांगतात, कारण सुरणाचा बुंधा कुजवणारी एक अपकारक बुरशी मातीत टपून असते. घरच्या बागेपुरते बोलायचे तर मी फोडी करीतच नाही. लहान अखंड गड्डा लावला की कापाकापीचीही भीती नाही आणि कुजण्याचीही नाही.

गुजरातेत व आपल्या काही भागांत जुने शेतकरी मोठ्या गड्ड्याच्या अंगाला आलेली पिले वेगळी करून लावतात, वर्षाअखेर काढतात, पुन्हा लावतात, आणि असे करीत चौथ्या वर्षी बाजारात पाठवण्याजोगा गड्डा मिळवतात. हा सावकाशीचा मार्ग आहे. ज्याला घाई नाही त्याने तोच धरावा, कारण त्यात बेण्याला पैसा पडत नाही. घाई असेल त्याने ‘गजेंद्र’ जातीचे बेणे घ्यावे. ही जात आंध्रातील कोव्वूर येथील निवडीतून आली. तिच्या अंगाला पिले फारशी येत नाहीत, सारे बळ एकाच गड्ड्यात जाते, आणि खाज जवळजवळ नसते. तिरुवनंतपुरम् येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची ‘श्री पद्मा’ हीही अशीच गुणी जात. किलोभर बेण्यातून आठ-नऊ महिन्यांनी सुमारे तीन किलोचा गड्डा मिळाला तर पीक साधले असे समजावे. मोकळी, कसदार माती असेल तर याहून मोठाही निघतो. खाज नको असणाऱ्या घरांत गजेंद्र उत्तमच. मला स्वतःला जुना खाजरा सूरण चवीला उजवा वाटतो. पण हे मत घरात एकट्या माझेच आहे.

खड्डा हातभर लांब-रुंद आणि तितकाच खोल घ्यावा. वरची माती, कुजलेले शेणखत आणि दोन ओंजळी राख असे मिश्रण भरून त्यात बेणे अंकुर वर करून ठेवावे, चार बोटे मातीने झाकावे आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. दोन झाडांत तीन फुटांचे अंतर हवे. तेवढी जागा पाहून प्रथम हसू येते, पण श्रावणात छत्र्या उघडल्या की ते अंतर कमीच वाटते. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला लावण्याची पद्धत आहे. पाण्याची सोय असेल तर त्याआधी, फाल्गुनातही लावता येतो. नारळीच्या, केळीच्या विरळ सावलीत तो सुखाने वाढतो, म्हणूनच कोकणात आणि गोव्यात कुळागरांतून व परसांतून तो सहज दिसतो.

परंतु एका प्रदेशाची रीत दुसऱ्या प्रदेशात जशीच्या तशी चालत नाही. गोव्यात पाऊस इतका, की खड्ड्याचे डबके होते. तेथे खड्ड्यापेक्षा उंचवटा करून लावणे शहाणपणाचे. बेळगावच्या लाल, निचऱ्याच्या जमिनीत काळजी कमी. आम्हा माळव्यातल्यांची काळी माती मात्र मोठी दगाबाज. पावसात ती चिकट होऊन पाणी धरते आणि पुढे वाळली की भेगाळून मुळे तोडते. तिच्यात निम्मी वाळू व खत मिसळून वाफा वीतभर उंच केल्याशिवाय सुरणाचे काही खरे नाही. ग्वाल्हेरीस थंडी लवकर आणि कडक पडते, पान कार्तिकातच मान टाकते. तेथे उन्हाळ्यात पाणी देऊन लावणी आधी करावी, म्हणजे पानाला कमाईला पुरेसे दिवस मिळतात. ज्यांना जमीनच नाही त्यांनी मोठ्या पिंपात किंवा सिमेंटच्या जुन्या गोणीत लावावा. गड्डा लहान राहील, पण पान तितकेच देखणे येईल.

आणि आता सर्वांत महत्त्वाची सूचना, जी मला फार महागात पडून कळली. पान पिवळे पडू लागले की पाणी बंद. एक थेंबही द्यायचा नाही. पान लोळले म्हणजे झाड मेले असे नव्हे. ते झोपी गेलेले असते. ही झोप दोन-तीन महिन्यांची, आणि ती कोरड्यात व्हावी लागते. वडिलोपार्जित घर सोडून आम्ही नव्या वसाहतीत राहावयास गेलो, तेव्हा मी आजीचा सूरण मोठ्या मानाने नव्या बागेत आणला आणि, बागेची शोभा साधावी म्हणून, नळाशेजारी हिरवळीच्या कडेला लावला. पान उत्तम आले. कार्तिकात ते कोसळले, तेव्हा मला वाटले की पाणी कमी पडले. मी हिरवळीबरोबर त्यालाही रोज पाणी घालीत राहिलो, चांगला पौषापर्यंत. फाल्गुनात उकरून पाहिले तर फावड्याला आंबूस वासाचा काळा चिखल लागला. आजी जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. तिने आणलेल्यांपैकी आमच्या घरात टिकलेली ती एकच वस्तू होती. भांडी वाटण्या होताना गेली, लुगड्यांच्या गोधड्या झाल्या. मी तो चिखल तसाच मातीने झाकला आणि घरात कोणाला बोललो नाही. अक्षय्य तृतीयेला आईने विचारले तेव्हा सांगावे लागले.

आई रागावली नाही. तिने बडोद्यास आत्याला पत्र टाकले. आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात होती, पण तिच्या परसात आजीचा सूरण अजून नांदत होता, आणि तिने भाच्याच्या मूर्खपणाबद्दल चार शब्द लिहून नारळाएवढा एक गड्डा येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिला. झाड तेच. आज माझ्या परसात जो आहे तो त्याचाच. तेव्हापासून मीही दरवर्षी पिले वाटतो. नातेवाईक त्यांना कंटाळले आहेत असा मला संशय आहे, तरी वाटतो.

आता फुलाविषयी. सुरणाला फूल येते हे पुष्कळांना ठाऊक नसते, कारण तो फुलावर येण्याइतका मोठा होण्यापूर्वीच आपण त्याला खातो. गड्डा न काढता काही वर्षे जमिनीत राहू दिला, तर एखाद्या वैशाखात किंवा ज्येष्ठात, पान येण्यापूर्वीच, मातीला चिकटून एक जाडजूड कळी वर येते. पानाचा कोंब निमुळता असतो आणि ही कळी फुगीर, यावरून ती ओळखता येते. मग एके दिवशी ती उघडते. ताटाएवढा, कडेला चुण्या पडलेला, आतून काळपट जांभळा असा एक झगा पसरतो आणि त्याच्या मधोमध वांग्याच्या रंगाचा, मेंदूसारखा सुरकुतलेला एक गोळा बसलेला असतो. सुंदर म्हणावे तर धीर होत नाही. कुरूप म्हणावे तर नजर हटत नाही. खरी फुले बारीक असतात, गोळ्याच्या खाली दांड्याला चिकटलेली. खालच्या भागात मादीफुले, त्यांच्या वर नरफुले.

आणि वास! कुजलेल्या मांसाचा, अगदी मेलेल्या घुशीचा. आमच्याकडे तो पहिल्यांदा फुलला त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी गटाराच्या फरश्या उचलल्या, दुसऱ्या शेजाऱ्यांनी माळा उपसला, आणि अखेर दोन्ही घरची मंडळी कंदील घेऊन, म्हणजे आताच्या काळाला अनुसरून विजेऱ्या घेऊन, आमच्या कुंपणाशी आली. मी फूल दाखवले. त्यांचा विश्वास बसेना. घूस फुलाखाली पुरली असावी असेच त्यांचे मत पडले.

हा वास उगीच नाही. सडलेल्या मांसावर अंडी घालणारे, त्यावर जगणारे भुंगेरे त्याला फसून येतात, दांड्याच्या बुडाशी उतरतात आणि अंगाला चिकटलेला दुसऱ्या फुलाचा पराग मादीफुलांवर सोडतात. पहिल्या दिवशी केवळ मादीफुले तयार असतात. नरफुलांचा पराग बाहेर पडतो तो दुसऱ्या दिवशी, जेव्हा मादीफुलांची वेळ टळलेली असते. म्हणून परसात एकटाच सूरण असला तर त्याला फळ धरणे कठीण; दोन झाडे एका दिवसाच्या फरकाने फुलली तरच लाल फळांचे कणीस दिसण्याचा योग.

वास दूरवर पोहोचावा यासाठी निसर्गाने आणखी एक युक्ती योजली आहे. फुलाचा दांडा चक्क गरम होतो. अळूच्या कुळातील फुलांची ही ऊब लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७८ सालीच नोंदवली होती. पण चूल पेटवतो कोण, हे कळण्यास पुढे दोनशे वर्षे लागली. १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी सुरणाच्या एका चुलतभावावर, सॉरोमॅटम नावाच्या आपल्याकडेही रानात सापडणाऱ्या कंदावर, प्रयोग करून दाखवले की नरफुलांतून निघून दांड्याच्या टोकाकडे जाणारे एक द्रव्य ही उष्णता चेतवते, आणि ते द्रव्य म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. फुलण्याच्या आदल्या दिवशी दांड्यातील त्याचे प्रमाण जवळजवळ शंभर पटींनी वाढते. डोकेदुखीवर आपण जी ॲस्पिरिनची गोळी घेतो, ती याच आम्लापासून बनवतात. जे माणसाचा ताप उतरवते तेच फुलाला ताप आणते, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

याच वंशातील एका राक्षसाचे नावही येथे घेतले पाहिजे. ओडोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञास तो १८७८ साली सुमात्रा बेटाच्या अरण्यात आढळला, आणि लंडनच्या क्यू उद्यानात १८८९ साली तो प्रथम लागवडीत फुलला. त्याचे फूल माणसाहून उंच होते. एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानातील त्याच्या एका गड्ड्याचे वजन २०१० साली १५३.९ किलो भरले होते. तो आजही कोठे फुलला की लोक रांगा लावून त्याचा दुर्गंध घेतात. आपल्या परसातला हा त्याचा धाकटा भाऊ तोच खेळ फुकटात दाखवतो.

सुरणाची खाज हा गृहिणींच्या जिव्हाळ्याचा विषय. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म सुया जुड्या बांधून ठेवलेल्या असतात; कच्चा सूरण चिरताना किंवा चावताना त्या कातडीत नि जिभेत रुततात. जनावरांनी गड्डा उकरून खाऊ नये म्हणून झाडाने केलेला हा बंदोबस्त. हाताला तेल लावणे, चिरताना गड्डा कोरडा ठेवणे, चिंच, आमसूल किंवा ताक यांसारखे आंबट घालून पुरता शिजवणे, या आपल्या आज्यांच्या साऱ्या युक्त्या योग्यच आहेत. कच्चा तो कधीच खाऊ नये, आणि ज्यांना मुतखड्याचा विकार आहे त्यांनी वैद्याच्या सल्ल्याशिवाय त्याच्या वाटेस जाऊ नये.

गोव्यातील श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. तो आम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. सूरण त्यात ‘चेना’ या मल्याळी नावाने आहे, आणि त्यातील वर्णनाच्या आधारेच पुढे १८१८ साली युरोपीय पंडितांनी त्याचे शास्त्रीय नाव ठेवले. या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर ज्यांनी माहिती पुरवली ते रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य होते. त्यांचे पूर्वज गोमंतकातून तिकडे गेलेले. तिघांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. घर सुटले तरी वनस्पतींची ओळख त्यांनी सोडली नव्हती.

सुरणाबरोबर त्याच्या रानटी बहिणीची, शेवळ्याची, आठवण केल्यावाचून राहवत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला पहिला पाऊस पडला की शेवळ्याचे लांबट जांभळे कोंब जमिनीतून वर येतात. ठाणे, पालघर, रायगडकडील बाजारांत आदिवासी बायका त्यांच्या जुड्या घेऊन बसतात आणि खाज मारण्यासाठी सोबत काकडाची आंबट फळेही देतात. ही भाजी वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे मिळते. पण आपण जे खातो ते शेवळ्याचे फूल असते. फूल खुडले म्हणजे कंद मरत नाही, त्याचे पान मागाहून येते. मात्र त्या वर्षीचे बी गेले. जोवर रान विस्तीर्ण होते तोवर खुडलेल्यांपेक्षा राहिलेली अधिक होती. आता डोंगरउतारावर घरे चढत आहेत, आणि शेवळे सह्याद्रीबाहेर जगात कोठे आपण होऊन वाढत नाही. ज्यांची जमीन त्या पट्ट्यात आहे त्यांनी बांधकामाच्या जागी उकरले जाणारे कंद तरी उचलून परसात लावावेत आणि दरवर्षी निम्मी फुले न खुडता राहू द्यावीत. लावण्याची रीत सुरणाचीच, फक्त खड्डा लहान.

माझ्या परसातला सूरण गेली चार वर्षे मी काढलेला नाही. गेल्या मार्गशीर्षात कडेची माती सारून पाहिली. गड्डा परातीएवढा झाला आहे. काढून खावा, असे घरातल्यांचे म्हणणे. सात-आठ किलो तरी भरेल, आणि दिवाळीपासून त्याच्या कापांची आठवण निघते आहे. मी अजून उकरलेला नाही. परवा पाचोळा बाजूला केला तेव्हा मातीला तडा गेलेला होता आणि तड्यातून डोकावणारे टोक फुगीर होते. शेजारच्या दोन्ही घरी मी आगाऊ कळवून ठेवले आहे की यंदा गटाराच्या फरश्या उचलू नयेत.